गोठवलेला पुपूसा आणि गोठवलेला आरेपा

वॉशिंग्टनच्या उपनगरांतील किंवा ह्यूस्टनमधील एखाद्या लॅटिन अमेरिकी किराणा दुकानात गोठवलेल्या पदार्थांचे कपाट उघडले, तर पुपूसा आणि आरेपा यांची पाकिटे बहुधा शेजारीशेजारी असतात. दोन्ही पदार्थ मक्याचे, दोन्ही गोल, जाडसर आणि साधारण तळहाताएवढे. गोठलेल्या अवस्थेत पारदर्शक पिशवीतून पाहिले, तर सरावलेल्या डोळ्यांचीही फसगत व्हावी इतके सारखे. प्रत्यक्षात मात्र एक पूर्ण तयार झालेले जेवण आहे आणि दुसरी जेवणाबरोबर खायची भाकरी.

पुपूसा एल साल्वाडोरचा. तेथील विधिमंडळाने 2005 साली त्याला राष्ट्रीय पदार्थ म्हणून घोषित केले आणि नोव्हेंबरमधील दुसरा रविवार त्याच्या नावे राखून ठेवला. 1980 ते 1992 या काळातील यादवी युद्धात लाखो साल्वाडोरवासी अमेरिकेत गेले, त्यांच्याबरोबर हा पदार्थही गेला आणि पुढे तिथल्या फ्रीझरमध्ये पोहोचला. आरेपा व्हेनेझुएला आणि कोलंबिया या दोन देशांचा असून तो नक्की कोणाचा, यावर त्या दोघांत आजही हौसेने वाद चालतो.

दोहोंतील खरा भेद सारण केव्हा भरले जाते यात आहे. पुपूसा आपल्या पुरणपोळीच्या वळणाचा आहे: ओल्या पिठाच्या गोळ्याची पारी करायची, तिच्यात सारण भरायचे, तोंड बंद करायचे, दोन्ही तळव्यांमध्ये थापून चपटे करायचे आणि मग तव्यावर, म्हणजे तिकडच्या कोमालवर, भाजायचे. आरेपाची रीत वडापावातल्या पावासारखी आहे: आधी रिकामा भाजायचा, मग गरम असतानाच कडेने चिरून आत चीज, काळा घेवडा, मांस किंवा कोंबडी आणि आव्होकाडो यांचे मिश्रण भरायचे. म्हणूनच आरेपाच्या पाकिटात आत काही नसणे ही फसवणूक नव्हे. अपवाद मात्र आहेत. कोलंबियातील चीजच्या आरेपात चीज पिठातच मळलेले असते, आणि त्याच देशाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर तळलेल्या आरेपात कच्चे अंडे सोडून तो पुन्हा तळतात.

दुसरा भेद पिठाचा, आणि माझ्या मते तोच अधिक रंजक आहे. पुपूसाच्या पिठासाठी मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात. सकाळी साल सुटते, दाणे धुऊन वाटले जातात आणि जो ओला गोळा तयार होतो त्याला मासा म्हणतात. चुन्यामुळे दाण्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकते आणि पिठाला एक प्रकारची चिकाटी येते, त्यामुळे ग्लूटेन नसूनही सारण भरताना पारी फाटत नाही. (मका युरोपात नेणाऱ्यांनी ही क्रिया मागेच सोडली, आणि जिथे गरिबांचे पोट केवळ मक्यावर भरत असे तिथे नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला.) आरेपाच्या बहुतेक पिठाला चुना लागत नाही. पूर्वी मका उखळात कांडून, साल आणि अंकुर काढून, शिजवून दळला जाई. 1954 साली लुईस काबायेरो मेहियास या व्हेनेझुएलाच्या अभियंत्याने शिजवून वाळवलेल्या पिठाचे पेटंट घेतले आणि 1960 मध्ये हारिना पान या नावाचे तसे पीठ बाजारात आल्यावर घरोघरचे कांडण थांबले. मोदकाची उकड कारखान्यातच काढून, वाळवून पाकिटात भरावी, असा काहीसा हा प्रकार आहे. व्हेनेझुएलात 1993 पासून या पिठात नायसिनसह काही जीवनसत्त्वे आणि लोह मिसळले जाते.

आता गोठवण्याकडे वळू. शिजलेला स्टार्च थंड होताना घट्ट होतो, शिळी भाकरी कडक होते ती यामुळेच. आणि हा बदल फ्रीझरपेक्षा साध्या फ्रिजच्या तापमानाला अधिक वेगाने घडतो. त्यामुळे पुपूसा दोन दिवस आधी खाली काढून ठेवण्यात काहीच शहाणपण नाही. तो फ्रीझरमधून थेट मंद तव्यावर ठेवून, झाकण घालून आतपर्यंत वाफ द्यावी आणि शेवटी झाकण काढून दोन्ही बाजूंना डाग पडू द्यावेत. केवळ मायक्रोवेव्हवर भागवले, तर तो गरम असेपर्यंत मऊ आणि निवल्यावर चामड्यासारखा लागतो. आरेपा या बाबतीत कमी लाडावलेला आहे. तव्यावर कवच धरले, थोडा वेळ ओव्हनमध्ये ठेवला, की काम झाले. आतला भाग जरा कोरडा राहिला, तरी ताजे सारण ती कसर भरून काढते. पुपूसाचे सारण कारखान्यातच बंद झालेले असल्यामुळे त्यातील उणीव दुरुस्त करायला खाणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. हाताने थापलेल्या पुपूसाच्या कडेतून चीज किंचित बाहेर येऊन तव्यावर जळते आणि त्या कुरकुरीत कडेसाठीच अनेकजण तो खातात. पाकिटातल्या एकसारख्या कडांच्या पुपूसात ही मजा क्वचितच सापडते. पिशवीत मोकळा बर्फ जमलेला दिसला, तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठला असण्याची शक्यता असते, आणि असे पाकीट घेऊ नये.

शाकाहारी वाचकांनी पाकिटावरील एक शब्द ओळखून ठेवावा: रेव्हुएल्ता. याचा अर्थ मिश्र, आणि त्यात चीज व वाटलेल्या घेवड्याबरोबर चिचारॉन, म्हणजे शिजवून वाटलेले डुकराचे मांस असते. घेवडा आणि चीज एवढेच लिहिलेल्या पाकिटावरही थांबू नये, कारण साल्वाडोरी पद्धतीने परतलेल्या घेवड्यात डुकराची चरबी घालण्याची रीत आहे. घटकांच्या यादीत मान्तेका दिसले, तर ती चरबीच बहुधा असते, परंतु वनस्पतीजन्य असल्यास त्या शब्दापुढे तसा उल्लेख असतो. चीज आणि लोरोको हे मिश्रण त्या मानाने निर्धास्त: लोरोको ही एका वेलीच्या हिरव्या कळ्यांची भाजी असून तिचा उग्र, मातकट वास गोठवल्यावरही बराचसा टिकतो.

पुपूसासोबत कुर्तिदो, म्हणजे कोबीचे आंबट लोणचे, हवाच, आणि तो मात्र पाकिटातला घेऊ नये, कारण गोठवलेल्या कोबीचा कुरकुरीतपणा जातो. कोबी बारीक चिरून त्यावर उकळते पाणी ओतावे, निथळून गाजर, कांदा, ओरेगानो, मीठ आणि व्हिनेगर घालावे व रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळपर्यंत तो तयार होतो.