दोन कासवं : इटालियन नरभक्षकपटांची पार्श्वभूमी

१९३० साली अमेरिकेत 'इंगागी' नावाचा एक चित्रपट लागला. आफ्रिकेच्या जंगलात गेलेल्या एका इंग्रज सरदाराच्या मोहिमेचं हे अस्सल चित्रण आहे, अशी त्याची जाहिरात होती. त्यात 'टॉर्टाडिलो' नावाचा एक विषारी प्राणी दाखवला होता. प्रत्यक्षात ते खवले वगैरे चिकटवलेलं साधं कासव होतं. बायका पळवणारा गोरिला म्हणजे केसाळ पोशाखातला चार्ल्स गेमोरा हा नट, पिग्मी म्हणून उभी केलेली पोरं लॉस एंजेलिसमधली, आणि आफ्रिकेची बरीचशी दृश्यं एका जुन्या माहितीपटातून उचललेली. व्यापारविषयक सरकारी आयोगाने चौकशी करून हा सगळा बनाव असल्याचं जाहीर केलं, पण तोवर चित्रपटाने रग्गड पैसा कमावला होता.

बरोबर पन्नास वर्षांनी, १९८० साली, आणखी एक कासव पडद्यावर आलं. ॲमेझॉनच्या पाण्यातून चौघांनी ओढून काढलेलं, भलंमोठं. त्याला काही चिकटवलेलं नव्हतं. कॅमेऱ्यासमोर त्याची मान तोडली, पाठ उघडली, आणि पाय हलत असताना आतडी बाहेर काढली. चित्रपटाचं नाव 'कॅनिबल होलोकॉस्ट', दिग्दर्शक रुजेरो देओदातो.

जंगलातल्या स्वस्त भयपटांचा इतिहास मला या दोन कासवांच्या मधे दिसतो. 'हे खरं आहे' हाच या धंद्याचा खरा माल. स्टार परवडत नाहीत, सेट परवडत नाहीत, पण खरेपणाचा दावा करायला पैसे लागत नाहीत. सुरुवातीला तो दावा नुसताच होता. पुढे प्रेक्षक नुसत्या दाव्याला भुलेना, तेव्हा त्याची किंमत कुणीतरी मोजायची वेळ आली.

इटलीत या नरभक्षकपटांचा पाया घातला तो 'मोंदो काने'ने. ग्वाल्तिएरो याकोपेत्ती, पाओलो काव्हारा आणि फ्रांको प्रोस्पेरी यांचा हा १९६२ चा माहितीपट. जगभरातल्या विचित्र चालीरीती, विधी, प्राण्यांचे बळी एकापुढे एक जोडलेले, काही टिपलेले तर काही घडवून आणलेले, आणि वर निवेदकाचा थंड, शहाजोग आवाज. रित्स ओर्तोलानी आणि नीनो ओलिव्हिएरो यांनी त्याला इतकं गोड संगीत दिलं की त्यातल्या धुनेवरचं गाणं ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचलं. समोर किळस आणि कानात मधाळ सूर, ही जोडी पुढे वीस वर्षं टिकली. तेच ओर्तोलानी १९८० मध्ये देओदातोच्या चित्रपटाचे संगीतकार होते. ती सुरावट ऐकली की अजूनही पोटात कालवतं, कारण ती खरोखर सुंदर आहे.

इटलीतल्या निर्मात्यांची एक रीत होती. एखादा चित्रपट चालला की त्याच वळणाचे दहा-वीस काढायचे आणि प्रेक्षक कंटाळला की दुसरं वळण धरायचं. या एकेका लाटेला ते 'फिलोने' म्हणत. पौराणिक पहिलवानपट, मग वेस्टर्न, मग खुनांची रहस्यं. आवाज नंतर स्टुडिओत डब करायचा, त्यामुळे नट कुठल्या भाषेत बोलतो याला महत्त्व नसे, आणि एकच चित्रपट अनेक देशांतल्या वितरकांना विकता येई. १९७० मध्ये हॉलिवूडमध्ये एका गोऱ्या माणसाने मूळ अमेरिकी जमातीत राहण्याची कथा गाजली. उंबेर्तो लेन्झी या इटालियन दिग्दर्शकाने १९७२ मध्ये तोच साचा थायलंडच्या जंगलात नेला. इव्हान रासिमोव्ह हा वाट चुकलेला छायाचित्रकार, मी मी लाय ही जमातीतली मुलगी. हा चित्रपट मुळात प्रेमकथेच्या अंगाने जातो आणि नरभक्षक त्यात जेमतेम काही मिनिटं येतात. तेवढी मिनिटं मात्र लोकांच्या लक्षात राहिली. साप-मुंगुसाची झुंज, माकडाची कत्तल हेही त्यात होतंच. म्हणजे प्राणी मारायची प्रथा पहिल्याच चित्रपटात पडली.

मग १९७७ मध्ये देओदातोने 'उल्तिमो मोंदो कानिबाले' केला, फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावर घडणारा, 'सत्यकथा' अशी पाटी लावून. याच बेटावर १९७१ मध्ये तासादाय नावाची सव्वीस माणसांची 'अश्मयुगीन' जमात सापडल्याची बातमी जगभर गाजली होती. १९८६ मध्ये ती जमातच बनावट असल्याचा आरोप झाला आणि मोठा वाद पेटला. ज्या काळात नामवंत मासिकंसुद्धा जंगलात अश्मयुग शोधत होती, त्या काळातले हे चित्रपट आहेत. त्यांना जन्म देणारी भूक फक्त स्वस्त थिएटरांतल्या प्रेक्षकाची नव्हती. १९७८ मध्ये सेर्जो मार्तीनोने उर्सुला अँड्रेस आणि स्टेसी कीच यांना घेऊन या लाटेतला महागडा चित्रपट काढला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

देओदातो हा रोबेर्तो रोस्सेलिनीचा सहायक होता, हे सांगितल्याशिवाय १९८० कडे जाता येणार नाही. युद्धानंतरच्या इटलीत रस्त्यावर कॅमेरा नेऊन, साध्या माणसांना उभं करून सिनेमाला सच्चेपणा देणारा तो रोस्सेलिनी. शिष्याने ती विद्या नीट घेतली होती. चित्रीकरणासाठी तो कोलंबियातल्या लेतिसियाला गेला. ब्राझील आणि पेरूच्या सीमेला टेकलेल्या या गावाला उरलेल्या देशातून रस्ताच नाही. यायचं तर विमानाने, नाहीतर नदीने.

कथा अशी: जंगलात माहितीपट करायला गेलेले चार अमेरिकी तरुण बेपत्ता आहेत. न्यूयॉर्कचा एक मानववंशशास्त्रज्ञ त्यांना शोधायला जातो आणि त्यांच्या फिल्मची रिळं घेऊन परततो. उरलेला अर्धा चित्रपट म्हणजे ती रिळं. हा भाग हातातल्या १६ मिलिमीटर कॅमेऱ्याने घेतला, ओरखडे पाडले, मधेच आवाज तोडला, फोकस हलू दिला. रिळांतून कळतं की या चौघांनीच गाव पेटवलं होतं, खळबळजनक दृश्यं मिळावीत म्हणून. इटलीत तेव्हा रेड ब्रिगेड्स या डाव्या सशस्त्र संघटनेचा दहशतवाद चालू होता. टीव्हीच्या बातम्यांतली प्रेतं बघून ही कल्पना सुचली, असं देओदातो पुढे सांगत असे. प्रसारमाध्यमांवरची ही टीका मला खोटी वाटत नाही. पण जे करणाऱ्यांना चित्रपट दोषी ठरवतो, तेच त्याने स्वतः केलं, आणि हा डाग कुठल्याही युक्तिवादाने निघत नाही.

७ फेब्रुवारी १९८० ला मिलानमध्ये तो लागला आणि दहा दिवसांत जप्त झाला. आधी अश्लीलतेचा खटला झाला. मग नट खरंच मारले गेले असावेत असा संशय आला. कारण चौघांशी असा करार होता की वर्षभर त्यांनी कुठेही दिसायचं नाही. देओदातोला ती माणसं जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागलं. सुळावर चढवलेल्या मुलीचं दृश्य कसं केलं, तेही समजावून द्यावं लागलं. लोखंडी खांबाच्या टोकाला सायकलची सीट बसवली होती. मुलगी तिच्यावर बसली, मान वर करून तोंडात हलक्या बाल्सा लाकडाचा तुकडा धरला आणि वरून रंगाचं रक्त सोडलं. झालं. इतकी साधी हातचलाखी, आणि ती एवढी बेमालूम की न्यायालयाने खुलासा मागितला.

म्हणूनच प्राण्यांची गोष्ट जास्त सलते. ज्याला सायकलच्या सीटवर माणसाचं मरण उभं करता येत होतं, त्याला कासव खोटं करता आलं नसतं? कासव, कोआटी हा लांब नाकाचा रानप्राणी, कोळी, साप, डुक्कर सगळे खरे मेले. माकडाचं दृश्य दोनदा घ्यावं लागलं म्हणून माकडं दोन गेली. खुनाचा संशय फिटल्यावर इटलीत चित्रपटावरची बंदी या प्राण्यांच्या छळावरून टिकली, ती १९८४ मध्ये उठली.

तोवर लाट ओसरत आली होती. लेन्झीने १९८० मध्ये 'मांजाती व्हिवी' काढला, त्यात आधीच्या चित्रपटांतले तुकडे सरळ वापरले. १९८१ मध्ये 'कॅनिबल फेरॉक्स' आला, त्याची जाहिरात '३१ देशांत बंदी' अशी होती. म्हणजे आता बंदीच विकायला काढली होती. नंतरची पैदास फारशी उल्लेखनीय नाही.

ब्रिटनमध्ये मात्र या चित्रपटांना दुसरं आयुष्य मिळालं. आपल्याकडे व्हीसीआर भाड्याने आणून रात्र जागवली जात होती त्याच सुमाराला तिकडे घरोघर व्हिडिओ कॅसेट पोचल्या, आणि कॅसेटला सेन्सॉर प्रमाणपत्राची गरज नव्हती. वृत्तपत्रांनी ओरड केली, नीतिमत्तेच्या नावाने लढणाऱ्या कार्यकर्त्या मेरी व्हाइटहाउस यांनी मोहीम चालवली, सरकारी वकिलांच्या कार्यालयाने खटले भरण्याजोग्या चित्रपटांच्या याद्या केल्या. त्यांत एकूण ७२ नावं आली, पैकी ३९ चित्रपटांवरचे खटले यशस्वी झाले. देओदातो आणि लेन्झी दोघेही त्यात होते. १९८४ च्या कायद्याने कॅसेटही सेन्सॉरखाली आल्या. २०११ मध्ये तिथल्या सेन्सॉर मंडळाने 'कॅनिबल होलोकॉस्ट'मधून फक्त पंधरा सेकंद कापली. ती कोआटीची होती. चित्रीकरणासाठी प्राण्याचे हाल करण्याला तिथे १९३७ पासूनच्या कायद्याने मनाई आहे. बाकीचे प्राणी झटक्यात मारले होते, कोआटी तडफडत मेला, हा फरक मंडळाने केला.

'सापडलेल्या रिळां'चं तंत्रही मागे राहिलं. १९९९ च्या 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट'मध्ये नट बेपत्ता असल्याचा तोच देखावा होता, या वेळी इंटरनेटवर. जंगल तेच काम करत होतं, प्राणी मात्र मारले नव्हते. या तंत्रासाठी कुणी मरण्याची गरज कधीच नव्हती, हे एवढ्यावरून कळतं.

पण प्राण्यांइतकीच किंमत आणखी कुणीतरी दिली, आणि तिची चर्चा सगळ्यात कमी होते. 'कॅनिबल' हा शब्दच कोलंबसाच्या १४९२ च्या प्रवासातून युरोपात गेला, कॅरिबियन बेटांवरच्या एका लोकसमूहाच्या नावावरून. १५०३ मध्ये स्पेनच्या राणी इसाबेलाने अशा 'नरभक्षकां'ना पकडून गुलाम करायला परवानगी दिली. मग कुणाला नरभक्षक म्हणायचं हे कुणाला गुलाम हवेत यावर ठरू लागलं.

देओदातोने आपल्या जमातींना कल्पित नावं दिली असती तर एक वेळ चाललं असतं. त्याने 'यानोमामो' आणि 'शामातारी' ही खरी नावं वापरली आणि त्यांना एकमेकांचे नरभक्षक वैरी केलं. खरे यानोमामी व्हेनेझुएला आणि ब्राझीलच्या सीमेवर राहतात, लेतिसियापासून शेकडो किलोमीटर दूर. शामातारी हे त्यांच्याच एका गटाचं नाव. त्यांच्यात एक रिवाज आहे: माणूस गेला की त्याला जाळतात, हाडं कुटून पूड करतात, आणि नातलग ती केळ्यांच्या पेजेत कालवून रडत रडत पितात, गेलेल्याचा मागे काही अंश उरू नये म्हणून. आपण अस्थी नदीत सोडतो, ते पोटात घेतात. पडद्यावर दाखवलेल्या मांसाच्या लचक्यांशी याचा काहीही संबंध नाही.

चित्रपट जगभर फिरत होता त्याच दशकाच्या अखेरीला सोन्यासाठी हजारो बेकायदा खाणकामगार यानोमामींच्या प्रदेशात घुसले. त्यांनी मलेरिया आणला, पाऱ्याने नद्या नासवल्या. ब्राझीलने १९९२ मध्ये तो प्रदेश राखीव केला. १९९३ मध्ये हाशिमू या वस्तीतल्या सोळा जणांना खाणकामगारांनी मारलं, त्यांत लहान मुलंही होती. वाचलेल्यांनी मृतांना जाळलं आणि पळताना अस्थी बरोबर नेल्या. ब्राझीलच्या न्यायालयाने मारेकऱ्यांना वंशसंहाराच्या गुन्ह्यात दोषी ठरवलं.