संवेदना गेली, तरी वेदना कशी?

मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाच्या तळपायाला डॉक्टर टाचणी टोचतात. त्याला काहीच कळत नाही. रात्री मात्र तोच रुग्ण सांगतो, पाय निखाऱ्यावर धरल्यासारखे जळताहेत. सरळ असलेला गुडघा त्याला दुमडलेला वाटतो. घरच्यांना हे पटत नाही, आणि त्यांना तरी दोष कसा द्यायचा? पण अशा इजेनंतर साधारण निम्म्या लोकांच्या वाट्याला ही वेदना येते. तिचं मूळ पायात नसतं. ते मज्जारज्जूच्या दुखावलेल्या भागात आणि मेंदूत बिघडलेल्या रसायनांच्या मेळात असतं.

इजेनंतरच्या पहिल्या काही तासांत फुटलेल्या पेशींमधून ग्लुटामेट हे उत्तेजक रसायन भसाभस बाहेर पडतं. एरवी ते बेताने सुटतं. एवढ्या माऱ्यापुढे मूळ आघातातून वाचलेल्या शेजारच्या पेशीही टिकत नाहीत. उत्तेजनेला आवर घालणारं रसायन म्हणजे गाबा. ते सोडणाऱ्या पेशीही यात दगावतात आणि जे गाबा उरतं त्याचाही वचक राहत नाही. असं का, ते पाहण्यासारखं आहे. गाबामुळे क्लोराइड पेशीत शिरतं आणि पेशी शांत होते. पण त्यासाठी आत आधीच क्लोराइड कमी असावं लागतं. ते सतत बाहेर काढण्याचं काम केसीसी२ नावाचं प्रथिन करतं. इजेनंतर हे प्रथिन घटतं, क्लोराइड आत साचतं आणि गाबाचा संदेश फिका पडतो. कधी कधी तर तोच पेशीला चिथावतो. उंदरांमध्ये हा बिघाड आणि स्नायूंचा ताठरपणा यांचा संबंध 2010 साली दाखवला गेला.

त्याच वर्षी सेरोटोनिनबद्दलही असंच काही हाती लागलं. हे रसायन मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदूच्या बुडाच्या देठासारख्या भागातून, खाली येणाऱ्या तंतूंमार्फत मज्जारज्जूला मिळतं. तंतू तुटले की पुरवठा जवळजवळ थांबतो. मग पेशींवरचे त्याचे काही ग्राहक, म्हणजे त्याचा संदेश टिपणारी प्रथिनं, सेरोटोनिन नसतानाही आपणहून चालू राहतात. पायावरची चादर नुसती सरकली तरी पाय झटके देतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

मेंदूही अलिप्त राहत नाही. अशी वेदना असलेल्या रुग्णांच्या थॅलॅमसमध्ये, म्हणजे संवेदना पुढे पाठवणाऱ्या मेंदूतल्या केंद्रात, गाबाचं प्रमाण कमी आढळलं आहे. संवेदनांचा नकाशाही सरकतो. मज्जारज्जूची मागची बाजू कापलेल्या माकडांमध्ये, काही महिन्यांनी, हनुवटीला स्पर्श केला की मेंदूतला हाताचा भाग जागा होऊ लागला. मेंदूशास्त्रज्ञ नीरज जैन आणि सहकाऱ्यांनी हे 1997 मध्ये नोंदवलं. बदल मेंदूच्या बाह्यपटलातच, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थरातच, झाला असणार, असं मानणं सोपं होतं. पण 2014 मध्ये जैन यांच्याच गटाने मस्तिष्कस्तंभातलं एक छोटं केंद्र औषधाने बधिर केलं आणि हाताच्या भागातला तो नवा प्रतिसाद पार नाहीसा झाला. बाह्यपटलातला हनुवटीचा मूळ भाग बधिर करून मात्र काही फरक पडला नव्हता.

साध्या वेदनाशामक गोळ्या इथे फारशा का चालत नाहीत, हेही यावरून समजतं. त्या सूज आणि जखमेच्या दुखण्यासाठी आहेत. प्रेगाबालिनसारखी औषधं चेतातंतूंच्या टोकांत शिरणारं कॅल्शियम कमी करतात, त्यामुळे ग्लुटामेट कमी सुटतं. आराम सगळ्यांना पडतो असं नाही. गुंगी मात्र अनेकांना येते.