जुन्या यंत्रांची डिजिटल जोडणी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आपल्या कारखान्यातील यंत्रे संगणक प्रणालीशी जोडून घेण्याचा विचार असल्यास मागणी नोंदवण्यापूर्वी हे पत्रक वाचावे, अशी विनंती आहे.

यंत्रे जुनी असल्यास ती बदलावी लागतील का, हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक विचारला जातो. बहुतेक वेळा ती बदलावी लागत नाहीत. पीएलसी (यंत्राचे काम नियंत्रित करणारा छोटा औद्योगिक संगणक) असलेल्या यंत्राकडून, १९७९ पासून वापरात असलेल्या मॉडबस या माहिती देवाणघेवाणीच्या पद्धतीने अनेकदा माहिती घेता येते. नव्या पीएलसींमध्ये बहुधा ओपीसी यूए ही अशीच, पण नवी पद्धत असते आणि तिच्यात आकड्यासोबत त्याची वेळ व विश्वासार्हताही कळते. ज्या यंत्राला पीएलसीच नाही, त्याच्या मोटारीच्या वायरीभोवती वीजप्रवाह मोजणारा करंट ट्रान्सफॉर्मर बसवला, तर यंत्र बंद आहे, रिकामे फिरत आहे की भाराखाली काम करत आहे, हे प्रवाहावरून ओळखता येते. सुरुवातीला एवढे पुरेसे असते, असे आमचे मत आहे.

ही माहिती यंत्राजवळ बसवलेल्या गेटवे या उपकरणात गोळा होते आणि तेथून सर्व्हरकडे जाते. त्यासाठी आम्ही एमक्यूटीटी ही संदेश पाठवण्याची पद्धत वापरतो. १९९९ मध्ये तेलवाहिन्यांवरील उपकरणांची माहिती उपग्रहामार्गे, कमीत कमी खर्चात पाठवता यावी म्हणून ही पद्धत तयार झाली, त्यामुळे कमकुवत नेटवर्कवरही ती तग धरते. तरीही नेटवर्क तुटल्यास नोंदी स्वतःकडे साठवून नंतर पाठवणारा गेटवेच घ्यावा, मग तो कोणाकडूनही घ्या.

आता खऱ्या अडचणीकडे वळू. पडद्यावर दिसणारा ओईई (यंत्राची एकूण परिणामकारकता) हा आकडा उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता या तिघांचा गुणाकार असतो. उपलब्धता ९० टक्के, वेग ९५ टक्के आणि गुणवत्ता ९८ टक्के असेल, तर प्रत्येक आकडा समाधानकारक वाटतो, पण गुणाकार सुमारे ८४ टक्केच येतो. हा आकडा प्रणाली काढून देते. यंत्र का थांबले, हे मात्र ती सांगू शकत नाही. कच्चा माल आला नाही, टूल बदलायचे होते, की तपासणीसाठी पहिला नग अडकून पडला, हे ऑपरेटरनेच नोंदवावे लागते. त्यासाठी थांबण्याची सात-आठ कारणे आधी ठरवून घ्यावीत. चाळीस कारणांची यादी दिली की सगळे जण ‘इतर’ हेच बटण दाबतात. नोंदीवरून कोणाला जाब विचारला जाणार नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगावे, अन्यथा पडद्यावर सर्व काही सुरळीत दिसेल आणि माल मात्र वेळेवर निघणार नाही.

सुरक्षेबाबत आम्ही आयईसी ६२४४३ या औद्योगिक प्रणालींच्या सायबर सुरक्षेसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकमालिकेतील तत्त्वे पाळतो. यंत्रांचे नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवले जाते आणि आमची प्रणाली यंत्राकडून केवळ माहिती वाचते. ती यंत्राला आज्ञा देत नाही. दुरून दुरुस्तीसाठीचा प्रवेश आपण परवानगी दिल्यावरच उघडला जातो आणि काम होताच बंद केला जातो. जमा झालेली माहिती आपलीच राहते. करार संपला तरी ती सर्वसाधारण फाइलच्या स्वरूपात आपल्याला मिळते.

आम्ही पाहणीसाठी येण्यापूर्वी यंत्रांची यादी, प्रत्येकाच्या पीएलसीचे मॉडेल, उपलब्ध विद्युत आराखडे आणि मागील महिन्याच्या बंद वेळेच्या नोंदी, वहीत हाताने लिहिलेल्या असल्या तरी, तयार ठेवाव्यात. जोडणीची सुरुवात ज्या यंत्रामुळे पुढचे काम सर्वाधिक खोळंबते, त्या एकाच यंत्रापासून केली जाईल.