फाउंड्री समूहातील डिजिटल तंत्रज्ञान (कोल्हापूर)

कोल्हापुरातील ओतकामाचा धंदा शिवाजी उद्यमनगरात वाढला आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत पसरला. तेल इंजिनांचे सुटे भाग आणि उसाचे चरक करणारा हा परिसर आता वाहन उद्योगाला कास्टिंग (ओतीव भाग) पुरवतो. सांगलीसह या पट्ट्यात सुमारे ३०० फाउंड्री (ओतकामाचे कारखाने) असून बहुतेक लघु वा मध्यम आहेत. एकेकट्या फाउंड्रीला न परवडणारे डिजिटल तंत्र इथे जॉबवर्कच्या, म्हणजे कामागणिक पैसे देऊन बाहेरून करून घेण्याच्या, वाटेने सगळ्यांपर्यंत पोचले.

सर्वांत मोठा फरक मेथडिंगमध्ये, म्हणजे धातू साच्यात कसा भरायचा व गोठवायचा याच्या आखणीत, पडला. रायझर (गोठताना आकसणाऱ्या धातूला भर पुरवणारा साठा) कुठे बसवायचा, रनर (धातू साच्यात नेणारी वाट) किती जाड ठेवायचा हे पूर्वी मिस्त्रीच्या अनुभवावर ठरे; अंदाज चुकला तर मशिनिंग करताना आत श्रिंकेजची, म्हणजे धातू आकसल्याने पडलेली, पोकळी निघे आणि माल पुन्हा भट्टीत जाई. सिम्युलेशन सॉफ्टवेअर धातू कोणत्या क्रमाने गोठेल हे ओतण्याआधीच पडद्यावर दाखवते. परवाना महाग आणि नवे जॉब मोजके, म्हणून छोटी फाउंड्री ड्रॉइंग सल्लागाराकडे पाठवते व जॉबमागे पैसे देते. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने झालेले ऑटोकास्ट हे सिम्युलेशन सॉफ्टवेअर आणि ऑनलाइन ई-फाउंड्री हे प्रयत्न या दृष्टीने मोलाचे आहेत. पॅटर्नचेही (ज्यावरून साचा घडवतात त्या नमुन्याचेही) असेच. व्हीएमसी (संगणकाच्या नियंत्रणाखाली कापणारी मशीन) एका दुकानात असते आणि तिच्यावर अनेकांचे पॅटर्न कापले जातात.

भट्टीजवळचे कामही बदलले. पूर्वी पाचरीसारखा तुकडा ओतून, मोडून, त्याचा कण डोळ्यांनी पारखत. आता वितळलेल्या लोखंडाचा नाण्याएवढा नमुना तांब्याच्या साच्यात ओततात, घासून सपाट करतात आणि स्पेक्ट्रोमीटरवर ठेवतात. ठिणगी पडते आणि कार्बन, सिलिकॉन, गंधकाचे प्रमाण लगेच कळते. ज्यांच्याकडे हे यंत्र नाही ते नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत धाडतात. पण तोवर ती हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेला धातू) ओतून झालेली असते. त्यामुळे हे यंत्र भट्टीशेजारीच हवे.

सामाईक सुविधा केंद्रांसाठी केंद्र सरकारची सूक्ष्म व लघु उद्योग समूह विकास योजना अनुदान देते. त्यासाठी उद्योजकांना एकत्र येऊन कंपनी किंवा नोंदणीकृत संस्था काढावी लागते. माहितीपेक्षा यंत्र वाटून घेणे सोपे. रिजेक्शनचे (दोषामुळे नाकारलेल्या मालाचे) आकडे मात्र कोणी शेजाऱ्याला दाखवत नाही, कारण त्याच ग्राहकाच्या ऑर्डरसाठी तोही दर देत असतो. खरे तर तेच दोष एकत्र नोंदले गेले, तर सगळ्यांचाच माल सुधारेल. सध्या ही माहिती फिरते ती बहुधा नोकरी बदलणाऱ्या सुपरवायझरबरोबर.