मागची सर्व्हिस धरली जाते ती कुठून? बार्शी लाइट रेल्वेपासूनची पार्श्वभूमी

कंपनी विकली जाते, ग्रुपमधल्याच दुसऱ्या कंपनीच्या नावावर पगार येऊ लागतो, किंवा एचआर सगळ्यांकडून ‘नवीन फॉरमॅट’मधला करार सही करून मागतं. पत्रातला पगाराचा आकडा प्रत्येक जण बघतो. नोकरी कोणत्या तारखेपासून धरली आहे, ते फार थोडे बघतात. या तारखेवरून आपल्याकडे सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं होतं आणि ते निघालं होतं सोलापूर जिल्ह्यातून.

कुर्डुवाडी-बार्शी-लातूर आणि मिरज-पंढरपूर ही नॅरोगेज लाइन चालवणारी बार्शी लाइट रेल्वे ही खासगी कंपनी होती. 1 जानेवारी 1954 पासून ती केंद्र सरकारने घेतली. त्याआधी कंपनीने सगळ्या कामगारांना नोटीस दिली: 31 डिसेंबर 1953 ला तुमची नोकरी संपली. बहुतेकांना सरकारी रेल्वेने घेतलं, पण नव्या अटींवर. 1953 च्याच ऑक्टोबरमध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कपातीच्या (म्हणजे कामगार कमी करण्याच्या) भरपाईची तरतूद नुकतीच आली होती: दर पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. युनियनचं म्हणणं सरळ होतं. कंपनीने नोकरी संपवली आहे ना, मग तिने मागच्या वर्षांचा हिशोब द्यावा.

मुंबई उच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने कौल दिला. 27 नोव्हेंबर 1956 ला सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. चालू धंद्यातले जादा कामगार कमी करणं म्हणजे कपात. धंदाच बंद झाला किंवा त्याचा मालक बदलला तर ती कपात नव्हे, असा अर्थ कोर्टाने लावला. म्हणजे नोकरी गेली खरी, पण भरपाई शून्य.

याचा अर्थ देशभरच्या मालकांना लगेच कळला असता, म्हणून सरकारने 1957 च्या एप्रिलमध्ये वटहुकूम आणि पाठोपाठ दुरुस्ती कायदा आणला. हा कायदा 28 नोव्हेंबर 1956 पासून लागू धरला, त्यामुळे बार्शीवाल्यांना त्याचा उपयोग झाला नाही. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 25-एफएफचं 2025 पर्यंत टिकलेलं रूप मात्र तेव्हाचं. मालक बदलला की कामगाराला कपातीसारखीच भरपाई. ती टाळायची असेल तर तीन अटी: सर्व्हिसमध्ये खंड पडता कामा नये, नव्या अटी आधीपेक्षा कमी नकोत, आणि उद्या नव्या मालकाने कपात केली तर जुनी वर्षंही धरून भरपाई द्यायला तो बांधील हवा. मला यात आवडतं ते हे की सर्व्हिस सलग ठेवण्यात जुन्या मालकाचाच पैसा वाचतो. ‘सेवा सलग धरली जाईल’ हे वाक्य विक्रीच्या कागदपत्रांत येतं त्यामागे बऱ्याचदा हे कारण असतं, कामगारांविषयीचा कळवळा नव्हे.

पळवाट वेगळीकडून निघाली: कामगाराच्या स्वतःच्या सहीने. आधी राजीनामा लिहून घ्यायचा, मग नवीन नेमणूकपत्र द्यायचं. कागदावर ना कपात झाली, ना मालकी बदलल्यामुळे कोणी गेलं. किंवा वर्षात 240 दिवस (सलग एक वर्षाची सेवा धरायला लागतात तितके) भरायच्या आत ‘ब्रेक’ द्यायचा आणि आठवडाभराने परत बोलवायचं. या दुसऱ्या प्रकारावर महाराष्ट्राने 1971 च्या कायद्यात बोट ठेवलं: कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत म्हणून माणसाला वर्षानुवर्षं बदली (दुसऱ्याच्या जागेवरचा) किंवा तात्पुरता कामगार म्हणून ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा ठरली. केंद्राच्या कायद्यात हे यायला 1984 उजाडलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी, मुदतीचा करार संपला आणि पुढे वाढवला नाही तर ती कपात नाही, अशीही तरतूद केंद्राने केली. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढलं.

1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याने ही वर्षं थेट रुपयांत आणली. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता 26,000 असेल, तर एका वर्षाचे 15,000 (26 दिवसांचा महिना धरून 15 दिवसांचा पगार). सलग 12 वर्षांचे 1,80,000. आता याच 12 वर्षांचे चार-चार वर्षांचे तीन तुकडे करा, प्रत्येक वेळी राजीनामा आणि नवीन जॉइनिंग. ग्रॅच्युइटीसाठी लागणारी सलग पाच वर्षं कुठेच भरत नाहीत, हाती काहीच नाही. आठ आणि चार असे तुकडे पडले तर आठ वर्षांचे मिळतात, पण तेव्हाच्या कमी पगारावर.

21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. मुदतीच्या करारावरच्यांना आता एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी लागू होते. इतर बहुतेकांसाठी पाच वर्षांची अट तशीच आहे.

मॅनेजर मंडळींची गोष्ट निराळी. ग्रॅच्युइटी त्यांनाही आहे, पण मालक बदलल्यावरची भरपाई कायद्याने फक्त कामगारांना दिली. त्यांच्यासाठी मागच्या सर्व्हिसचा आधार म्हणजे करारातला मजकूर: जुन्या कंपनीचं नाव, तिथली जॉइनिंग डेट, आणि ग्रॅच्युइटी, रजा, नोटीस या सगळ्यांसाठी सेवा त्या तारखेपासून सलग धरली जाईल असं स्पष्ट वाक्य. एचआरने तोंडी ‘धरू की’ म्हटलं असेल, तर सही करण्याआधी तेच मेलवर मागता येतं.