नवीन टीम आणि हललेली टीम: एनएचएलमधली एक गल्लत आणि त्यात अडकलेल्या दुश्मन्या

माझी मावसबहीण अमेरिकेत, यूटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत असते. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ती आयुष्यात पहिल्यांदा आइस हॉकीची मॅच बघायला गेली आणि घरी आल्या आल्या मला व्हॉट्सअॅप कॉल, "दादा, ही यूटाची टीम नवीन आहे असं सगळे म्हणतायत ना, मग यातले प्लेअर आधीपासून एकत्र खेळतायत असं कसं काय?" मी इकडे पुण्यात सकाळचा चहा घेत होतो (तिकडच्या रात्रीच्या मॅच आपल्याकडे सकाळी येतात, माझ्या हॉकीवेडाला तेच बरं पडतं), आणि उत्तर द्यायला लागलो तर चहा पार गार झाला तरी संपेना. कारण तिचा प्रश्न बरोबर जागी लागला होता. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या आइस हॉकी लीगमध्ये, शहराला टीम मिळते ती दोन रस्त्यांनी, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, नवीन जर्सी, नवीन नाव, नवीन गाणं, पण आतून एकदम वेगळे आहेत. आणि सगळ्यात जास्त फरक पडतो तो फॅन्सच्या दुश्मनीत.

पहिला रस्ता एक्स्पान्शनचा. लीग म्हणते आम्ही एक टीम वाढवतोय, मालक प्रवेश फी भरतो, आणि टीम शून्यातून सुरू होते. व्हेगास गोल्डन नाइट्सने ५० कोटी डॉलर भरले आणि २०१७ मध्ये आले, सिअॅटल क्रॅकनने ६५ कोटी भरले आणि २०२१ मध्ये आले. पैसे भरले तरी प्लेअर कुठेय? त्यासाठी एक्स्पान्शन ड्राफ्ट. प्रत्येक जुनी टीम आपले थोडे प्लेअर राखून ठेवते, उरलेल्यांतून नवीन टीम प्रत्येकीकडून एक उचलते. व्हेगासच्या वेळी नियम होता की एकतर सात फॉरवर्ड, तीन डिफेन्समन आणि एक गोलकीपर राखा, नाहीतर आठ स्केटर (म्हणजे गोलकीपर सोडून कुठलेही आठ) आणि एक गोलकीपर. म्हणजे जास्तीत जास्त अकरा. त्याआधीच्या, म्हणजे २००० च्या ड्राफ्टमध्ये पंधरापर्यंत राखता यायचे. हा चार प्लेअरचा फरक छोटा वाटतो पण तो अजिबात छोटा नाही, कारण बाराव्यापासून पंधराव्या नंबरपर्यंतचे प्लेअर म्हणजे चांगल्या टीममधले रोज खेळणारे लोक. म्हणून तर पिट्सबर्गचा मार्क-आंद्रे फ्लुरी व्हेगासला मिळाला, कोलंबसचा विल्यम कार्लसन मिळाला ज्याने तिथे पहिल्याच सीझनला ४३ गोल मारले, आणि टीम सरळ स्टॅनली कपच्या, म्हणजे लीगच्या ट्रॉफीच्या, फायनलला गेली. वॉशिंग्टनकडून ४-१ हरली ती गोष्ट वेगळी.

तेच वॉशिंग्टन १९७४ मध्ये स्वतः एक्स्पान्शन टीम म्हणून आलं तेव्हा ८० मॅचमध्ये ८ जिंकलं होतं. आठ! नवीन टीम म्हणजे मार खाणार हे तेव्हा सगळे धरूनच चालायचे.

दुसरा रस्ता रिलोकेशनचा, म्हणजे बिऱ्हाड हलवणं. टीम आहे तीच, प्लेअर तेच, करार तेच, फक्त शहर बदलतं. एका गावाला टीम मिळते तेव्हा दुसऱ्या गावाची गेलेली असते. लोक हे दोन्ही एकच समजतात ना तिथे मला खरंच वाईट वाटतं, कारण एक्स्पान्शनमध्ये कुणाचं काही जात नाही (एखादा प्लेअर सोडला तर), रिलोकेशनमध्ये मात्र एका शहरात रिकामी रिंक आणि घराघरात कपाटात घडी घालून ठेवलेल्या जर्सी उरतात. आपण पुणेकरांनी आयपीएलमध्ये दोनदा टीम जाताना बघितलीय, त्यामुळे मला हे समजवायला फार कष्ट पडू नयेत. पण त्या टीम बंद झाल्या, दुसऱ्या शहरात जाऊन आपल्याच प्लेअरांसकट कप उचलताना आपल्याला बघावं लागलं नाही. क्यूबेक सिटीला ते बघावं लागलं.

क्यूबेक नॉर्डिक्स आणि माँट्रिअल कॅनेडियन्स, कॅनडाच्या एकाच फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतातल्या दोन टीम, यांची दुश्मनी १९८० च्या दशकात इतकी होती की एका घरात दोन भाऊ दोन बाजूंना. त्यात एकीच्या मागे मोल्सन बियर आणि दुसरीच्या मागे कार्लिंग ओकीफ बियर, म्हणजे दुकानात कुठली बाटली उचलता यावरून माणूस कुठल्या बाजूचा ते कळायचं. १९८४ च्या गुड फ्रायडेला प्लेऑफमध्ये तर मॅच बाजूला राहिली आणि दोन्ही टीम अख्ख्याच्या अख्ख्या मारामारीत उतरल्या. एवढी आग. आणि १९९५ मध्ये नॉर्डिक्स विकली गेली, डेनव्हरला गेली, कोलोरॅडो अॅव्हलांच झाली, आणि पहिल्याच सीझनला, १९९६ मध्ये, स्टॅनली कप. दुश्मनी डेनव्हरला गेली का? नाही गेली. डेनव्हरच्या माणसाला माँट्रिअलचा राग कशाला येईल, त्याच्या शेजारी कोण फ्रेंच बोलतंय, त्याच्या घरात कुठे दोन भाऊ भांडतायत.

टीमसोबत प्लेअर येतात, ट्रॉफी येतात, रेकॉर्ड येतात, पण दुश्मनी जुन्या गावातच राहते आणि तिथेच विझते. डेनव्हरला स्वतःची नवीन दुश्मनी मिळाली ती डेट्रॉइट रेड विंग्जची, आणि ती कशी सुरू झाली ते बघा. डिसेंबर १९९५ मध्ये डेट्रॉइटने माँट्रिअलला ११-१ असं तुडवलं, माँट्रिअलचा गोलकीपर पॅट्रिक रॉयवर नऊ गोल होईपर्यंत कोचने त्याला बाहेर काढलं नाही, तो भडकला आणि काही दिवसांत ट्रेड होऊन कोलोरॅडोला गेला. टीम क्यूबेकमध्येच असती तर माँट्रिअलने आपला गोलकीपर कट्टर वैऱ्याला दिला असता असं मला तरी वाटत नाही. मग त्याच सीझनच्या प्लेऑफमध्ये कोलोरॅडोच्या क्लॉड लेम्यूने डेट्रॉइटच्या क्रिस ड्रेपरला मागून रिंकच्या कडेच्या बोर्डवर आपटलं, त्याचा जबडा मोडला, आणि २६ मार्च १९९७ ला डेट्रॉइटमध्ये त्याचा हिशेब चुकता झाला, डॅरेन मॅकार्टीने लेम्यूला धरला आणि बर्फाच्या मध्यावर दोन गोलकीपर एकमेकांना ठोसे मारत होते. दोन वर्षांत हे सगळं! हललेल्या टीमला हे शक्य होतं कारण ती आल्या दिवसापासूनच तगडी होती आणि तगड्या टीमचाच राग येतो.

एक्स्पान्शन टीमला तसं नसतं, तिला आधी हरत बसावं लागतं. न्यूयॉर्क आयलँडर्स १९७२ मध्ये आले, पहिल्या सीझनला ७८ मॅचमध्ये १२ जिंकले. शेजारच्या न्यूयॉर्क रेंजर्सच्या हद्दीत यायचं म्हणून त्यांना वेगळे पैसेही मोजावे लागले. रेंजर्सचे फॅन त्यांच्यावर रागवायचे नाहीत, हसायचे, आणि हसणं म्हणजे दुश्मनी नव्हे. ती सुरू झाली १९७५ च्या प्लेऑफमध्ये, तीन मॅचची सिरीज, तिसरी मॅच ओव्हरटाइममध्ये, आणि अकराव्या सेकंदाला जे. पी. पॅरिझेचा गोल. अकरा सेकंद, लोक अजून खुर्चीत नीट बसलेही नसतील. रेंजर्स बाहेर, तीन वर्षांचं पोरगं पुढे. नंतर आयलँडर्सने १९८० ते १९८३ सलग चार कप घेतले आणि त्यांचे फॅन रेंजर्सला चिडवायला फक्त एक आकडा ओरडायचे, "नाइन्टीन फोर्टी", कारण रेंजर्सचा शेवटचा कप १९४० चा. ते ओरडणं थेट १९९४ पर्यंत चाललं, रेंजर्स जिंकेपर्यंत. आणि रेंजर्सवाले आजही आपल्या रिंकमध्ये, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, डेनिस पॉटविनच्या नावाने शिव्या देतात, १९७९ मध्ये त्याच्या एका टकरीत त्यांचा उल्फ निल्सन जखमी झाला म्हणून. तो निवृत्त झाला १९८८ मध्ये! ओरडणाऱ्यातल्या अर्ध्या लोकांचा तेव्हा जन्मही नसेल पण ओरडतात, वडिलांनी शिकवलंय ना.

माझं ठाम मत, नवीन टीमला जाहिरातीतून दुश्मन मिळत नाही. सिअॅटल आली तेव्हा सगळे म्हणाले व्हँकुव्हर इथून गाडीने तीनेक तासांवर, दुश्मनी तयारच आहे. पण शेजार वेगळा आणि दुश्मनी वेगळी. पहिल्या सीझनला सिअॅटलचे ६० पॉइंट, खालून मोजायची टीम, तिच्यावर कोण जळणार. दुसऱ्या सीझनला मात्र त्यांनी प्लेऑफमध्ये कोलोरॅडोला, म्हणजे चालू चॅम्पियनला, सात मॅचमध्ये घरी पाठवलं. डेनव्हरचे फॅन ते विसरतील असं मला वाटत नाही. व्हँकुव्हरशी प्लेऑफमध्ये गाठ पडेल तेव्हा बघू.

व्हेगासचं उलट, त्यांना दुश्मन लगेच मिळाला, सॅन होजे शार्क्स, कारण पहिल्या दोन्ही सीझनला प्लेऑफमध्ये समोरासमोर. २०१९ ची सातवी मॅच मी डोळ्यांनी बघितली आणि अजून अंगावर काटा येतो. व्हेगास ३-० पुढे, तिसरा पिरियड, शार्क्सचा कॅप्टन जो पॅव्हेल्स्की डोक्यावर पडला, बर्फावर रक्त, रेफरीने व्हेगासला पाच मिनिटांची पेनल्टी दिली (म्हणजे तेवढा वेळ एक प्लेअर कमी) आणि त्या पाच मिनिटांत शार्क्सने चार गोल मारले. चार! व्हेगासने शेवटी बरोबरी केली, पण ओव्हरटाइमला बार्कली गुडरोने संपवलं, ५-४. त्यानंतर लीगने नियमच बदलला, मोठी पेनल्टी दिली तर रेफरीने आता व्हिडिओ बघायचा. आणि वर्ष व्हायच्या आत व्हेगासने कोच नेमला तो कोण, त्या रात्री शार्क्सच्या बेंचवर उभा असलेला पीट डीबोअर. फॅन्सना ते गिळायला किती जड गेलं असेल.

पण व्हेगास आणि त्यांच्या लोकांचं नातं दुश्मनीच्या आधीच जुळलं होतं हेही सांगायला हवं. १ ऑक्टोबर २०१७ ला त्या शहरात गाण्याच्या कार्यक्रमात गोळीबार झाला आणि नऊ दिवसांनी टीमची पहिली घरची मॅच होती. डेरिक एंगलंड, जो आधीपासून व्हेगासमध्ये राहणारा, तो माइक घेऊन लोकांशी बोलला. त्या सीझनमध्येच टीमने ५८ नंबरची जर्सी मेलेल्यांच्या आठवणीत कायमची वर टांगली. नवीन टीमला इतिहास नसतो म्हणतात, या टीमला पहिल्या रात्रीच मिळाला, तो कुणालाच नको होता तसा.

आता सगळ्यात जास्त गोंधळाचं प्रकरण, मिनेसोटा, कारण तिथे दोन्ही गोष्टी एकाच दारात झाल्या. मिनेसोटा नॉर्थ स्टार्स ही १९६७ ची एक्स्पान्शन टीम, त्या वर्षी लीग सहावरून एकदम बारा टीमची झाली. १९९३ मध्ये ती हलून डॅलसला गेली. अख्ख्या अमेरिकेत हॉकीचं सगळ्यात वेड असलेलं राज्य, जिथे शाळेच्या पोरांच्या हॉकीला स्टेडियम भरतं, तिथली टीम टेक्सासला! १९९९ मध्ये डॅलसने कप जिंकला तेव्हा मिनेसोटात लोकांना काय वाटलं असेल. मग २००० मध्ये एक्स्पान्शनने मिनेसोटा वाइल्ड आली, आणि वाइल्डने पहिलाच नंबर, म्हणजे १, फॅन्सच्या नावाने निवृत्त केला. त्याच डिसेंबरमध्ये डॅलस पहिल्यांदा सेंट पॉलला, म्हणजे वाइल्डच्या गावाला, खेळायला आलं आणि या काल जन्मलेल्या टीमने त्यांना ६-० हरवलं. कागदावर वाइल्ड आणि डॅलस यांचा काही संबंध नाही, नॉर्थ स्टार्सचा इतिहास, रेकॉर्ड सगळं डॅलसकडे. पण त्या रात्री स्टँडमध्ये जे ओरडत होते ते लोक नॉर्थ स्टार्सचेच होते.

कॅनडातल्या विनिपेगची कथा अजून विचित्र. तिथली जुनी टीम जेट्स १९९६ मध्ये फिनिक्सला गेली, त्याआधी टीम वाचवायला लहान पोरांनी गल्ले फोडून पैसे दिले होते तरी गेली. त्याच जेट्सकडून टीमू सेलानेने पहिल्याच सीझनला मारलेले ७६ गोल, जो आजही नवख्या प्लेअरचा रेकॉर्ड आहे, ते फिनिक्सच्या वहीत गेले. २०११ मध्ये अटलांटा थ्रॅशर्स हलून विनिपेगला आली आणि तिने नाव घेतलं जेट्स. नाव जुनं, गाव जुनं, लोक जुने, प्लेऑफला सगळ्यांनी पांढरे कपडे घालून यायची १९८७ पासूनची पद्धत जुनी, पण लीगच्या हिशेबात ही टीम अटलांटाची. आणि बिचाऱ्या अटलांटाचं हे दुसऱ्यांदा, १९८० मध्ये त्यांची फ्लेम्स कॅलगरीला गेलीच होती, जिथे तिची एडमंटनशी अशी पेटली की आज कुणाला आठवतही नाही की फ्लेम्स हे नाव जॉर्जियातून, म्हणजे अटलांटाच्या राज्यातून, आलंय.

तर मावसबहिणीचा प्रश्न. यूटा काय आहे? प्लेअर, कोच, ड्राफ्टचे हक्क सगळं अॅरिझोना कोयोटीजकडून, म्हणजे विनिपेगहून फिनिक्सला गेलेल्या त्याच टीमकडून, आलं, म्हणजे डोळ्यांना दिसतं ते रिलोकेशन. पण एप्रिल २०२४ मध्ये लीगने करार केला तो असा की कोयोटीज ही फ्रँचायझी, नाव आणि इतिहासासकट, अॅरिझोनात जुन्या मालकाकडे झोपलेली राहील, पाच वर्षांत रिंक बांधली तर जागी होईल. आणि यूटाला, १२० कोटी डॉलरमध्ये, नवीन टीम म्हणून धरलं जाईल, रेकॉर्ड शून्यापासून. म्हणजे शरीर हललं पण कुंडली नवीन. जुन्या मालकाने दोन-तीन महिन्यांत नादच सोडला त्यामुळे ती फ्रँचायझी तशीच पडून आहे. यूटा पहिलं वर्ष नुसतं हॉकी क्लब म्हणून खेळली, २०२५ मध्ये मॅमथ नाव मिळालं.

मी तिला सांगितलं, तुला हवं ते म्हण, टीम तुमच्या गावाची आहे. तिने विचारलं मग आमचा दुश्मन कोण? मी म्हटलं, अजून कुणी नाही, प्लेऑफला कुणाशी तरी सात मॅच होऊ दे. पण मनात माझ्या फिनिक्सचे ते लोक होते, शेवटची दोन वर्षं कॉलेजच्या पाचेक हजारांच्या रिंकमध्ये येऊन बसणारे, ज्यांनी १७ एप्रिल २०२४ ला एडमंटनविरुद्धची शेवटची मॅच जिंकताना बघितली आणि मॅच संपली तरी जागेवरून हलले नाहीत. उद्या फिनिक्सला पुन्हा टीम मिळाली तर वहीत ती काहीही असो. ज्या रात्री यूटा तिथे पहिल्यांदा खेळायला येईल ना, ती मॅच मी सुट्टी टाकून बघणारे.