कॅम्पस रेडिओ (भारत)

कॅम्पस रेडिओ : विद्यापीठाने किंवा महाविद्यालयाने स्वतःच्या आवारातून चालवलेले कमी शक्तीचे, बिगरव्यापारी एफएम केंद्र. सरकारदरबारी ते सामुदायिक रेडिओतच, म्हणजे परिसरातल्या लोकांसाठी चालवलेल्या केंद्रांतच, मोडते. परवाना कॉलेजचा, पण श्रोता कुंपणाबाहेरचाही असावा अशी अपेक्षा; आणि बरीच केंद्रे नेमकी इथेच अडखळतात.

गंमत म्हणजे याचे मूळ क्रिकेटच्या भांडणात आहे. १९९३ च्या हिरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात जुंपली. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. खंडपीठावर न्या. पी. बी. सावंत होते. तोवर रेडिओ म्हणजे सरकारी आकाशवाणी, एवढेच समीकरण होते; या निकालाने ते मोडायची वाट मोकळी झाली. तरीही शिक्षणसंस्थांना केंद्रे काढण्याची मुभा मिळायला डिसेंबर २००२ उजाडला. स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना तर २००६ पर्यंत थांबावे लागले.

चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे ‘अण्णा एफएम’ (९०.४ मेगाहर्ट्‌झ) १ फेब्रुवारी २००४ रोजी सुरू झाले. देशातले हे पहिले कॅम्पस सामुदायिक केंद्र. अभियांत्रिकीसाठी नावाजलेल्या या विद्यापीठाने केंद्र केवळ विद्यार्थ्यांच्या गाण्यांवर सोडले नाही. आजूबाजूच्या वस्त्यांतल्या बायकांसाठी आरोग्य, आहार, स्वच्छता असे विषय तमिळमधून घेतले. पुणे विद्यापीठाचे ‘विद्यावाणी’ (१०७.४) आणि मुंबई विद्यापीठाचे ‘मस्ट रेडिओ’ (१०७.८) ही महाराष्ट्रातली याच वाटेवरची केंद्रे.

प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती साधारणपणे १०० वॉट, मनोऱ्याची उंची जास्तीत जास्त ३० मीटर. त्यामुळे आवाज दहाएक किलोमीटरपर्यंत पोचतो. मध्ये टेकडी किंवा उंच इमारती आल्या की त्याहून कमी. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेले हवेत आणि शक्यतो तिथल्याच बोलीत. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावायच्या. शेजारच्या वस्तीत काय घडले हे सर्वांत आधी कळणाऱ्या केंद्रालाच ते बातमी म्हणून सांगता येऊ नये, हे बंधन खटकणारे आहे.

स्टुडिओ बहुधा एखाद्या जुन्या वर्गखोलीतच थाटलेला असतो. भिंतींना फोम, दाराला जाड पडदा, आणि रेकॉर्डिंग सुरू होताच पंखा बंद, कारण त्याची घरघर माइक बरोबर पकडतो. वस्तीत जाऊन केलेल्या मुलाखतीत मात्र कुकरची शिट्टी, नळावरची भांडी, मध्येच ‘अगं थांब जरा’ असे सगळे येते. नवशिका विद्यार्थी ते कापायला बसतो. मुरलेला निर्माता थोडे राहू देतो, कारण ऐकणाऱ्याला आपलीच गल्ली ओळखू येते.

पैशांची ओढाताण कायमची. २००६ च्या धोरणात तासाला पाच मिनिटे जाहिरातींना होती, पुढे ती सात झाली. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी ही मर्यादा बारा मिनिटांवर नेली आणि सरकारी जाहिरातींचा दर दहा सेकंदांना ५२ रुपयांवरून ७४ रुपये केला. खरी अडचण माणसांची आहे. संपादन, निवेदन हाताला बसते न बसते तोच विद्यार्थ्याचे शेवटचे सत्र संपते आणि जूनमध्ये नव्या तुकडीला पुन्हा माइक कसा धरायचा इथपासून शिकवावे लागते. वस्तीतल्या बायकांनाच निवेदनाला बसवणाऱ्या केंद्रांना ही झळ कमी बसते.